कृषी प्रदर्शनातला शांत तास: भोंग्यापासून मुरमापर्यंत

डिसेंबर उजाडला की विदर्भात कृषी प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. अकोल्याच्या विद्यापीठात २७ डिसेंबरच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास मोठं प्रदर्शन भरतं. त्याच काळात तालुक्या-तालुक्याला लहान प्रदर्शनंही लागतात. शाळेचं किंवा बाजार समितीचं मैदान, बिछायत केंद्राचा मंडप, ऐंशी-शंभर स्टॉल. गेटवर चार दिशांना तोंड केलेले भोंगे, आत प्रत्येक स्टॉलवाल्याचा स्वतःचा साऊंड बॉक्स, मागे जनरेटर आणि कोपऱ्यात मळणीयंत्राचं प्रात्यक्षिक. हा गलबला म्हणजेच प्रदर्शनाची रंगत, असं आयोजकांना वाटतं. आणि ते अगदीच चूक नाही, कारण बऱ्याच लोकांना खरंच तसं वाटतं.

काही लोक मात्र गेटवरूनच परत जातात, आणि त्याहून कितीतरी जास्त घरातून निघतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘शांत तास’ ठेवतात. प्रदर्शनाच्या वेळातला ठरावीक तास-दीड तास आवाज, उजेड, वास आणि गर्दी मुद्दाम कमी ठेवायची. स्टॉल तेच, माल तोच, माहिती सांगणारी माणसंही तीच. शहरांतल्या संग्रहालयांत आणि मोठ्या दुकानांत ही पद्धत रुळते आहे. तालुक्याच्या मैदानावर ती जमायला पैसा फारसा लागत नाही, पण मैदानावर फक्की मारायच्या आधी डोकं लावावं लागतं. एकदा बल्ल्या रोवल्या गेल्या की निम्म्या गोष्टी हातातून जातात.

कोणासाठी, हे आधी नीट समजून घेऊ. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांचं नाव सगळ्यात आधी येतं. आपण बाजारात बोलत उभे असलो की मेंदू मागचा गोंगाट आपोआप मागे ढकलतो आणि समोरच्याचं बोलणं पुढे आणतो. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत ही गाळणी तशी चालत नाही. भोंगा, जनरेटर, शेजारच्या बाईच्या बांगड्या, सगळं सारख्याच जोराने आत येतं. मूल कान दाबून खाली बसतं आणि लोक म्हणतात, हट्टी आहे. मेंदूच्या पक्षाघाताची म्हणजे सेरेब्रल पाल्सीची मुलं अचानक आवाजाने दचकतात, अंग ताठ होतं, कधी कधी तोल जातो. कानात मशीन असलेल्या आजोबांची अडचण उलटी: मशीन बोलणं मोठं करतं तसा गोंगाटही मोठा करतं, म्हणून गर्दीत ते मशीन काढून खिशात ठेवतात आणि मग काहीच ऐकू येत नाही. मिरगीच्या काही रुग्णांना सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याने झटका येऊ शकतो, आणि प्रवेशद्वारावरची रोषणाई नेमकी तशीच असते.

आपल्याकडे आणखी एक गट आहे, जो या यादीत सहसा कोणाला आठवत नाही. पूर्व विदर्भात, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर पट्ट्यात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचाही समावेश आहे. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. पण शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली किंवा दमणूक झाली की हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. त्याला रांगेत एक तास उभं ठेवलं तर त्याचा पुढचा आठवडा दवाखान्यात जाऊ शकतो. त्याला हवी असते बसायला जागा, हाताशी पाणी आणि रांगेतून सुटका. म्हणूनच शांत तासाला येणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागू नये. अनेकांकडे ते नसतं, आणि असलं तरी गेटवर चारचौघांत पिशवीतून काढून दाखवणं कोणाला आवडेल?

आता आवाज. इथे एक गणित माहीत असलं की अर्धी फसगत टळते. डेसिबल हे एकक साध्या बेरजेने वाढत नाही. सारख्याच आवाजाचे दोन बॉक्स एकत्र वाजले तर पातळी दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनी वाढते. हेच उलट्या बाजूने पाहा: दहा बॉक्स वाजताहेत आणि पाच बंद केले, तर घट होते ३ डेसिबलची, जी कानाला जेमतेम कळते. ‘आम्ही बहुतेक स्टॉलचे बॉक्स बंद केले होते’ असं आयोजक सांगतात आणि तरी मुलं रडत बाहेर पडतात, त्याचं कारण हे. उरलेले दोन-तीन बॉक्स शांततेत जास्तच टोचतात. बंद करायचे तर सगळे. त्याची अट स्टॉलच्या करारपत्रातच घालावी, कारण आदल्या रात्री तोंडी सांगितलेलं सकाळी कोणी ऐकत नाही.

अंतराचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे. मोकळ्या मैदानात आवाजाच्या स्रोतापासूनचं अंतर दुप्पट केलं की पातळी साधारण ६ डेसिबलनी उतरते. पेटीबंद, ‘सायलेंट’ म्हणून मिळणाऱ्या जनरेटरला केंद्रीय मानकानुसार १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. २ मीटरवर सुमारे ६९, ४ वर ६३, ८ वर ५७, १६ वर ५१. म्हणजे जनरेटर मंडपाच्या पाठीला चिकटवण्याऐवजी तीस-पस्तीस मीटर लांब ठेवला तर तो जवळजवळ विसरला जातो. केबल थोडी जास्त लागते, एवढंच. बिछायतवाला पाठवतो तो उघडा जुना जनरेटर असेल, तर हे आकडे लागू नाहीत. मग शांत तासापुरता तो बंदच ठेवायचा आणि सकाळच्या उन्हावर भागवायचं. कनात लावून आवाज अडेल ही समजूत तर सोडूनच द्यावी. कापडातून आवाज जवळपास जसाच्या तसा जातो, त्याला अडवायला वजन लागतं. विटांची भिंत अडवते, धान्याच्या पोत्यांची थप्पी थोडीफार अडवते.

भोंग्याबद्दल एक गोष्ट इतर वेळांसाठीही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५ डेसिबलच्या वर, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. एका मोठ्या भोंग्याऐवजी सहा लहान बॉक्स जागोजागी हळू आवाजात लावले तर बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं आणि गेटजवळच्या माणसाचे कान फुटत नाहीत. साऊंडवाल्यालाही हे माहीत असतं. त्याला कोणी तसं सांगत नाही, म्हणून तो भोंगे चढवतो.

आवाज आटोक्यात आला, पण माणूस आत येईल कसा? आपली जमीन काळी. कोरडी असली की भेगा पडतात, ओली झाली की चिखल चाकाला चिकटून येतो. व्हीलचेअरची पुढची चाकं वीतभर उंचीची, ती भेगेत अडकली की खुर्ची जागीच थांबते आणि बसलेला माणूस पुढे झेपावतो. गवतावर अंथरलेली हिरवी मॅट दिसायला छान, पण चाकाखाली गोळा होते. उपाय जुनाच: मुरूम. मुख्य वाटेवर १.८ मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड थर. १०० मीटर वाटेला १८ घनमीटर, म्हणजे जवळपास साडेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ट्रॅक्टरच्या सहा-सात ट्रॉल्या. आधी गवत खरवडायचं, मुरूम पसरून पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. रोलर नसेल तर धुम्मस. हे प्रदर्शनाच्या चार-पाच दिवस आधी व्हायला हवं. आदल्या संध्याकाळी टाकलेला मुरूम बसत नाही, सुटे खडे चाकाखाली घरंगळतात आणि ती वाट मातीपेक्षा वाईट होते. एवढं करूनही कुठे मऊ तुकडा राहिलाच, तर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं पुढे ठेवून ओढायची. ही युक्ती प्रत्येक स्वयंसेवकाला दाखवून ठेवावी.

१.८ मीटर रुंदी का, तर समोरासमोर दोन खुर्च्या जाव्यात. वळायला १.५ मीटरचं वर्तुळ मोकळं लागतं, म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला तेवढी जागा सोडायची. आणि गेट! मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून गेटमध्ये बांबू आडवे-तिडवे रोवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने मोटारसायकल अडते आणि व्हीलचेअरही अडते. एका बाजूला १२० सेंटिमीटरची सरळ फट ठेवून तिथे एक माणूस उभा करावा. ग्रामीण भागात अनेक जण हाताने फिरवायच्या तीनचाकीवर येतात. ती लांब असते, स्टॉलच्या गल्लीत वळत नाही. त्यांच्यासाठी गेटजवळ दोन-तीन व्हीलचेअर ठेवाव्यात, ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडून उसन्या मागता येतात. आणल्या की चाकातली हवा आणि ब्रेक तपासा. ब्रेक न लागणारी खुर्ची, उतरताना बसणाऱ्याच्या पायाखालून मागे सरकते.

उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर उतार. ९० सेंटिमीटरच्या स्टेजला १०.८ मीटर, आणि ९ मीटरच्या वर सलग उतार नसावा म्हणून मध्ये दीड मीटरची सपाट जागा. हा आकडा ऐकून बिछायतवाला हसतो आणि ट्रॅक्टरमध्ये माल चढवायच्या दोन फळ्या आणून टेकवतो. त्या उतारावर खुर्ची मागे उलटते, मागे धरणारे दोघं धट्टेकट्टे असले तरी. उतार जमत नसेल तर सरळ स्टेजची उंची कमी करा, ४५ सेंटिमीटर पुरते. मग ५.४ मीटरमध्ये काम होतं. प्लायवूडखाली दर दोन फुटांवर आडवा आधार हवा, दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी हवी, आणि वर सतरंजी अजिबात नको.

अंध व्यक्तीसाठी धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. मंडपाचे ताणाचे दोर आणि खुंट्या वाटेत येतात, काठी खालून जाते आणि दोर छातीला लागतो. दोर वाटेबाहेर घ्या. नाहीच जमलं तर तिथे कुंडी किंवा पोतं ठेवा, म्हणजे काठीला आधीच कळेल. वाट ओलांडणारी केबल एकतर वरून न्या किंवा पुरा. वाट दाखवताना त्यांचा हात पकडून ओढायचं नसतं, आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात.

वेळ कोणती, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पहिला दिवस नको. पाहुणे दहाला यायचे असतात आणि एकला येतात, तोवर माईक तापलेला असतो. शेवटचा दिवसही नको, स्टॉलवाले दुपारपासूनच आवरायला लागतात. सकाळ चांगली, पण आठ नको: थंडी असते, आणि बाहेरगावाहून पहिली एसटी आल्याशिवाय कोणी पोहोचत नाही. साडेनऊ ते अकरा ठीक. आमच्या मते दिवस आठवडी बाजाराचा घ्यावा, जरी कोणीही उलटंच सुचवेल. हा कापूस वेचणीचा काळ. मुलाला प्रदर्शनात आणायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते. बाजाराच्या दिवशी मात्र बऱ्याच गावांत वेचणी बंद असते, आई तालुक्याला येतेच, आणि बाजार भरतो दुपारनंतर. सकाळचा वेळ मोकळा सापडतो.

निरोप छापील पत्रकाने पोहोचत नाही. समग्र शिक्षा योजनेतले फिरते विशेष शिक्षक, आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांना कोणत्या घरी कोण आहे हे माहीत असतं. त्यांच्या व्हॉट्सॲपवर आठ-दहा फोटो पाठवावेत, क्रमाने: गेट, मुरमाची वाट, स्टॉलची ओळ, शौचालय, शांत कोपरा. प्रत्येकाखाली एक वाक्य. स्वमग्न मुलाला आधी चित्रात पाहिलेली जागा परकी वाटत नाही, घरी रोज एकदा दाखवली तर उत्तमच. सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, आपल्याच बोलीत: ‘साडेनवाले या. भोंगे बंद राह्यतीन, गर्दी नाही राह्यत. पोराले घेऊन या, कागद काहीच लागत नाही.’ कोतवालाकडून दवंडी दिली तर त्यातही हेच शब्द. फोटोत दाखवलेलं बदलू मात्र नका. ज्या कोपऱ्याचा फोटो पाठवला तिथे त्या दिवशी खतांच्या गोण्या रचलेल्या दिसल्या, तर मुलाचा सगळा अंदाजच बिघडतो.

प्रत्यक्ष तासाआधी अर्धा तास एक माणूस पूर्ण मैदान फिरतो. त्याच्याकडे काय असावं? फक्त कान. सगळे बॉक्स बंद, लुकलुकणारी रोषणाई बंद, मळणीयंत्र, कडबाकुट्टी, फवारणी पंप कोणी सुरू करणार नाही याची खात्री, बंदोबस्तावरच्या होमगार्डला शिट्टी न वाजवण्याची विनंती, उद्घाटनाचे उरलेले फुगे काढून टाकलेले. मिरचीचा ठेचा आणि भजी तळणाऱ्या स्टॉलने कढई उशिरा चढवायची, मिरचीच्या तिखट धुराने मोठ्यांनाही ठसका लागतो. कीटकनाशकांच्या स्टॉलवर डबे बंद. एका वेळी आत साठ-सत्तर माणसं, सोबत आलेले धरून. हरवलेल्या मुलाची घोषणा माईकवर न करता फोनवरून गेटला कळवायची. एक माईक मात्र आगीसारख्या प्रसंगासाठी चालू स्थितीत ठेवावा, आणि मंडपाचे सगळे बाहेर पडायचे रस्ते उघडे.

या तासाचा सगळ्यात जास्त विचका होतो तो सत्काराने. कोणीतरी पुढारी येतो, ‘आपल्या दिव्यांग बांधवांना’ केळी वाटतो, माईक लागतो, फोटोवाले आडवे येतात. ज्या आईने पोराला महिनाभर फोटो दाखवून तयार केलं, ती पाच मिनिटांत परत निघते. आयोजकांनी पाहुण्यांना स्पष्ट सांगावं: सत्कार दुपारी. लोक इथे तुरीचं वाण बघायला आले आहेत.

शांत कोपरा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो दिवसभर हवा. मंडपात दहा बाय दहाचा गाळा कनात लावून करता येतो, पण कनातीचं वर आलंच आहे. मैदानाला लागून शाळेची खोली असेल तर तीच घ्या, विटांची भिंत जे करते ते कापड करत नाही. आत एक गादी, तीन-चार खुर्च्या, पाण्याचा माठ, खिडकीला पडदा. ट्यूब बंद. दार उघडंच, कुलूप नाही. दोन-चार कानटोप ठेवावेत, कारखान्यात वापरतात तसे, आवाज वीसेक डेसिबलनी उतरतो. मुलाने स्वतः मागितला तर द्या, डोक्यावर चढवू नका. दुसऱ्या दिवशी ही खोली पाहुण्यांच्या जेवणाची होते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की दारावर नाव लिहून एक जबाबदार माणूस बसवणंच बरं.

हाताने बघायचं टेबल हा या सगळ्यातला सर्वांत रंगणारा भाग. उंची ७५ सेंटिमीटर, खाली गुडघे जाण्याइतकी मोकळी जागा. उथळ ताटल्यांत तूर, हरभरा, सोयाबीनचं धान्य, पऱ्हाटीचं उमललेलं बोंड, आणि शेजारी चांगला कापूस व कवडी, म्हणजे किडीने खराब झालेला कापूस. चांगला कापूस बोटांत सलग लांबतो, कवडी गाठीगाठीची लागते. गुलाबी बोंडअळीने काय केलं हे डोळ्यांनी न बघताही बोटांना कळतं. बोंडाची टोकं टोचतात, आधी सांगा. एक चूक इथे जिवावर बेतू शकते: ताटलीत बीजप्रक्रिया केलेलं बियाणं ठेवणं. गुलाबी, लाल किंवा हिरव्या रंगाचं बियाणं म्हणजे औषध चोळलेलं, मूल ते तोंडात घालेल. ताटलीत फक्त खायचं धान्य, दुकानातून आणलेलं. जवळ हात धुवायला पाणी. ब्रेल पाट्या असल्या तर चांगलंच, पण खेड्यातल्या अनेक अंध प्रौढांना ब्रेल शिकायला मिळालेलं नसतं. टेबलाशी बसलेला, घाई न करणारा कास्तकार जास्त उपयोगी. कर्णबधिरांसाठी जवळच्या मूकबधिर विद्यालयातल्या शिक्षकांना बोलवावं. शाळेत न गेलेले कर्णबधिर घरच्याच खाणाखुणांनी बोलतात, म्हणून सोबत चित्रं आणि प्रत्यक्ष करून दाखवणं हवंच.

शौचालयाचं थोडक्यात: भाड्याच्या फिरत्या शौचालयाला दोन-तीन पायऱ्या आणि अरुंद दार असतं, ते कामाचं नाही. शाळेत दिव्यांग मुलांसाठीचं शौचालय बहुधा असतं. त्यात झाडू आणि तुटके बाक भरलेले असतात आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. आठ दिवस आधी उघडून घ्या, दार बाहेर उघडतं का बघा, नळाला पाणी येतं का बघा.

पैशाचा प्रश्न निघालाच तर: ग्रामपंचायत आणि नगर पंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाशी दिवाळीआधी बोललात तर उतार, आडवे दांडे अशा कायम टिकणाऱ्या गोष्टींचा विषय निघू शकतो. मार्चमध्ये बोललात तर तोवर त्या पैशांच्या सतरंज्या घेऊन झालेल्या असतात.

शेवटची पंधरा मिनिटं लक्षात ठेवा. अकराच्या ठोक्याला सगळे भोंगे एकदम सुरू झाले तर आत असलेली मुलं दचकून पळतात. पावणेअकराला दोन स्वयंसेवक फिरून प्रत्येकाला सांगतात की आणखी पंधरा मिनिटं आहेत, थांबायचं असेल तर शाळेची खोली उघडी आहे. अकराला गेटपासून सर्वांत लांबचे बॉक्स आधी, हळू आवाजात. मळणीयंत्र साडेअकराला.